मसुदा

लोअर परळच्या चाळीत वहिनी आणि शेजारच्या काकू मसाल्यांचा व्यवसाय मांडत आहेत. भागीदारीचा मसुदा तपासायला माझ्याकडे आला. १९३२च्या कायद्याने एकीने व्यवसायासाठी काढलेले कर्ज दुसरीच्या घरापर्यंत पोहोचू शकते. आठवली ती १९५९मध्ये गिरगावात 7 स्त्रियांनी 80 रुपये कर्जाऊ घेऊन सुरू केलेली ‘लिज्जत’. १९६६मध्ये तिने १८६०च्या कायद्याखाली संस्था म्हणून नोंदणी केली. पण त्यासाठी किमान सात जणी हव्यात, इथे दोघीच.

“भाऊजी, आमचा एकमेकींवर विश्वास आहे,” वहिनी म्हणाल्या. १९८२च्या संपानंतर दादाची गिरणी गेली, उरली ती ही खोली.

मी २००८च्या कायद्यातली मर्यादित दायित्वाची भागीदारी सुचवली. वार्षिक विवरणपत्रांचा जाच आहे खरा. पण खोली वाचते. मसुद्यातला ‘परस्पर विश्वासाने’ हा शब्दप्रयोग मात्र मी खोडला नाही.