गिअरचा दात

परवा माझा चष्मा काही केल्या सापडेना. शोधता शोधता टेबलाचा खालचा खण उघडला आणि हाताला लागली माझी शाळेतली कंपासपेटी. गंजलेली, झाकण वाकडं झालेली. शेजारी नातू उभा होताच. त्यानं पेटी उघडली आणि आतून पोलादाचा एक तुकडा बाहेर काढला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा. एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं ओबडधोबड.

"आजोबा, हे काय?"

"दात आहे," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"गाडीचा!"

तो हसायला लागला. पण मित्रांनो, मी थट्टा करत नव्हतो. ही त्या दाताचीच गोष्ट.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, सावद्याजवळ. चहूकडे केळीच्या बागा, उत्तरेला सातपुडा. केळीचे घड कापायचे, गाडीत भरायचे आणि सावदा स्टेशनवर न्यायचे. तिथून वॅगनी भरून केळी थेट दिल्लीला जायची. बाबांनी आणि मामांनी भागीत एक जुना ट्रक घेतला होता. खरं तर ती मूळची बस. इंग्लंडमध्ये तयार झालेली 'बेडफर्ड'. बसची बॉडी काढून तिच्यावर फळ्या ठोकल्या होत्या. तिचं मूळ पेट्रोलचं इंजिनही केव्हाच गेलं होतं. त्याच्या जागी 'पर्किन्स पी-६' हे सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. हेही इंग्लंडचंच, पीटरबरो गावच्या कारखान्यातलं. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीनं पुढे ही इंजिनं आपल्याकडे बनवायला घेतली. त्यामुळे आपल्या देशात कितीतरी म्हाताऱ्या गाड्यांना असं नवं काळीज मिळालं.

या विलायती गाड्या आपल्याला काही परक्या नव्हत्या बरं का! १ जून १९४८ रोजी आपली पहिली एस.टी. अहमदनगरहून (आताचं अहिल्यानगर) पुण्याला निघाली, ती बेडफर्डच होती. लाकडी बॉडीची, बाकांत काथ्या भरलेली. त्या सुरुवातीच्या काळात एस.टी.च्या ताफ्यात तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या होत्या. शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर अमेरिकेच्या, फियाट इटलीची. आणि बेडफर्ड, लेलँड, आल्बियन, कॉमर, सेडन, मॉरिस कमर्शिअल या विलायतेच्या. विचार करा, एवढ्या सगळ्यांचे सुटे भाग सांभाळताना मेकॅनिक मंडळींची काय तारांबळ उडत असेल!

आमचे मामा धुळ्याचे. मुंबई-आग्रा रोडवर त्यांची उमर गेलेली. बोलायचे अहिराणी. गाडी चालवताना ते गप्प असत. मान जराशी कलती, जणू इंजिनाचं गाणं ऐकताहेत. मी कधी बडबड केली तर म्हणायचे, "भाचा, गाडी बोलस. आपण आयकनं." गाडी बोलते, आपण ऐकायचं.

मला ते कळायचं नाही. मला दिसायचा तो गिअरचा लांबलचक दांडा आणि त्याच्या टोकाची काळी गोल मूठ. मामा ती दोन बोटांनी सरकवायचे. टक्! लोण्यात सुरी गेल्यासारखी. यात काय अवघड?

१९६९ सालचा मे महिना. मी तेरा वर्षांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी माल भरायचा होता, वॅगन ठरलेली होती. दुपारी मामा निंबाखाली झोपले होते आणि किल्ली गाडीतच होती. मामांच्या देखत पहिल्या गिअरमध्ये मी दोन-तीनदा गाडी हलवली होती. म्हणून मी स्वतःला ड्रायव्हरच समजत होतो. चढलो, सुरू केली, पहिला टाकला. गाडी शेतरस्त्यावर डुलत निघाली. आता दुसरा! मी ॲक्सिलरेटर चांगला दाबला, इंजिन भुंकायला लागलं. क्लच दाबला आणि दांडा ओढला.

कर्रर्रर्र!

दांडा माझ्या हातात थरथरला आणि मागे हटला. पुन्हा ओढला. पुन्हा कर्रर्र! मग मला राग आला. दोन्ही हातांनी, अंगातला सगळा जोर लावून मी तो दुसऱ्या गिअरमध्ये कोंबला. आतून 'खट्' असा आवाज आला. घाबरून मी इंजिन बंद केलं. गाडी होती तिथून चाळीसेक पावलं पुढे आली होती.

संध्याकाळी मामांनी विचारलं, "गाडी कोनी हालवी रे?"

मी म्हटलं, "ब्रेक सुटला असेल, मामा."

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहा प्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी गाडी काठोकाठ भरली. मी मागे घडांवर बसलो होतो. गावाबाहेरच्या चढावर मामांनी दुसरा गिअर टाकला. आतून कुणी घण मारल्यासारखा आवाज झाला आणि गाडी जागेवर थांबली. पुढे नाही, मागे नाही. डोक्यावर मेचं ऊन. कापलेली केळी म्हणजे बर्फासारखीच, वाट पाहत नाही. बाबा गावात धावले. सात बैलगाड्या आल्या. घड उतरवायचे, बैलगाडीत रचायचे, स्टेशन गाठायचं. अर्धा माल वॅगनीत चढला. उरलेला पोचेपर्यंत वॅगन गेली होती. तो माल बाबांना मिळेल त्या भावानं विकावा लागला. बाबा एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. पण माझ्या तोंडाला कोरड पडली होती.

गाडी ओढत नेऊन एका मिस्त्रीच्या अंगणात उभी केली. गिअरबॉक्स खाली उतरवली. मिस्त्रीनं तेल परातीत ओतलं. काळ्या तेलात चांदीसारखी चमचम दिसत होती. मामांनी तेलात बोटं घातली, चाचपलं आणि एक तुकडा काढून धोतराला पुसला. मग माझ्या तळहातावर ठेवला.

मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं.

"माले तवयच मालूम व्हतं," मामा म्हणाले. मला तेव्हाच ठाऊक होतं. थोडं थांबून म्हणाले, "किल्ली गाडीमा ठेवी, ती मनी चूक. तू बोलना नही, ती तुनी." मी आदल्या संध्याकाळी तोंड उघडलं असतं, तर मामांनी गिअरबॉक्स तपासली असती, दुसरी गाडी बघितली असती. माल वाचला असता. दात तुटला त्याहून माझं गप्प बसणं महाग पडलं होतं.

त्याच परातीपाशी बसवून मामांनी मला उघडी गिअरबॉक्स दाखवली. त्यांनी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

इंजिन नेहमी आपल्या ठरावीक वेगातच नीट जोर लावतं. रस्ता मात्र कधी चढाचा, कधी सपाट. गिअरची सायकल असते ना, तसंच. चढावर पाय भराभर फिरवायचे आणि चाक हळू, सपाटीवर उलट. गिअरबॉक्समधली लहानमोठी दातेरी चाकं हेच काम करतात. जुन्या गाडीत गिअर बदलायचा म्हणजे एक फिरतं दातेरी चाक दांड्यावरून सरकवून दुसऱ्या फिरत्या चाकात अडकवायचं. दोघांचे दात एकाच वेगानं फिरत असले, तर टक् करून बसतात. नसले तर कर्रर्र! तुम्ही रिले शर्यत पाहिली असेल. पुढचा खेळाडू नुसता उभा राहून काठी घेत नाही. तो आधी पळायला लागतो, वेग जुळवतो आणि मग घेतो. तसंच हे.

वेग जुळवायचा कसा? समजा, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे तीन फेरे होतात तेव्हा मागचा दांडा एकदा फिरतो आणि तिसऱ्यात दोन फेऱ्यांना एकदा. गाडी अशा वेगात आहे की तो दांडा मिनिटाला ६०० वेळा फिरतोय. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे झाले १८००. तिसऱ्यात जायचं तर ते १२०० वर उतरायला हवेत. म्हणून क्लच दाबायचा, दांडा मध्ये न्यूट्रलवर आणायचा आणि क्लच सोडायचा. क्लच सोडला की गिअरबॉक्समधली चाकं इंजिनाच्या सोबतीनं मंदावतात. क्षणभर थांबायचं, मग पुन्हा क्लच आणि तिसरा गिअर.

खालच्या गिअरात येताना याच्या उलट. आता इंजिनाला १२०० वरून १८०० वर न्यायचं. म्हणून न्यूट्रलमध्ये क्लच सोडून ॲक्सिलरेटर दाबायचा, इंजिन 'भुर्रर्र' करून चढलं की क्लच आणि दुसरा गिअर. दोनदा क्लच, म्हणून याला म्हणतात 'डबल क्लच'. मी मात्र इंजिन भुंकत ठेवून वरचा गिअर कोंबला होता. दुसरं काय होणार!

आणि हे फेरे मोजायचे कशानं? आमच्या गाडीत त्यासाठी काटा नव्हता. कानानं! मामा मान कलती करून काय ऐकत असत ते मला त्या दिवशी कळलं.

कानाची परीक्षा घाटात होते. आपल्याकडे चाळीसगावहून कन्नडला जाताना औट्रम घाट लागतो. जुन्या ड्रायव्हरांचा नियम असा, की ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. कारण खालचा गिअर गाडीला धरून ठेवतो. पण उतारावर दांडा न्यूट्रलला आणला आणि पुढचा गिअर बसलाच नाही, तर? गाडी वेग घेत राहते आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर! मागे पन्नास माणसं बसलेली असतात. म्हणून मामा घाट सुरू होण्याआधीच गिअर उतरवायचे.

सुट्टी संपण्याआधी मामा मला धुळ्याला घेऊन गेले. जळगावहून एस.टी.त आम्ही ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसलो. मामा म्हणाले, "डोया मीच." मी डोळे मिटले. ड्रायव्हर दांडा कधी टाकणार ते नुसतं ऐकून ओळखायचं. एरंडोलपर्यंत माझा प्रत्येक अंदाज चुकला. कधी घाई, कधी उशीर. पारोळा गेलं आणि हळूहळू आवाजाच्या पायऱ्या ऐकू यायला लागल्या. इंजिन चढतंय, चढतंय, सुटलं, उतरतंय... "आते!" मी ओरडलो आणि त्याच क्षणी टक्! सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. मामा खिडकीबाहेर बघत हसत होते.

त्या वर्षी मला सायकल मिळायची होती, ती मिळाली नाही. का, ते कुणी बोललं नाही आणि मी विचारलं नाही. वर्षभर शाळेत पायी गेलो. कंपासपेटीत दात खुळखुळायचा.

हे कर्रर्र चुकवायला जगभर पुष्कळ डोकी लढली. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत 'सिंक्रोमेश' आलं. यात दात भिडण्याआधी दोन शंकूसारखे भाग एकमेकांवर घासतात आणि वेग आपोआप जुळतो. म्हणजे मामांच्या कानाचं काम एक कडी करू लागली! विलायतेत वॉल्टर विल्सन नावाच्या इंजिनिअरनं वेगळीच युक्ती काढली. पहिल्या महायुद्धात रणगाडा तयार करणाऱ्यांपैकी हा एक. त्याच्या गिअरबॉक्समध्ये पुढचा गिअर आधीच ठरवून ठेवायचा आणि वेळ आली की पायानं एक खटका दाबायचा. लंडनच्या कितीतरी लाल दुमजली बसगाड्या अशा गिअरबॉक्सवर धावल्या.

१ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर याच जुन्या वाटेवर एस.टी.ची विजेवर चालणारी 'शिवाई' सुरू झाली. तिच्यात ना क्लच, ना गिअरचा दांडा. मी तिच्यात बसलो तेव्हा सवयीनं डोळे मिटले. आवाजाच्या पायऱ्याच नाहीत! नुसता एक सरळ सूर. प्रवास छान झाला, पाठही दुखली नाही. पण मामांची आठवण मात्र आली.

हे सगळं सांगून झालं. नातू दात हातात फिरवत बसला होता. बराच वेळ काहीच बोलला नाही. मग खाली बघत म्हणाला,

"आजोबा... तुमचा चष्मा हरवला नाहीये. काल माझ्याकडून काडी तुटली. मी कपाटामागे ठेवलाय."

मी मान कलती केली आणि म्हटलं, "टेबलावर ठेवला, ती माझी चूक."

"आणि मी बोललो नाही, ती माझी," तो म्हणाला.

मग आम्ही दोघं चष्मा घेऊन दुकानात गेलो.