निसर्गचित्रातली वाट

‘लँडस्केप’ला मराठी कलासमीक्षेने ‘निसर्गचित्र’ हा प्रतिशब्द स्वीकारला, तेव्हा एक गोष्ट नकळत हरवली. मूळ डच शब्दात भूमी आहे, हद्दी असलेला, वसलेला प्रदेश आहे, निसर्ग नाही. मराठी संज्ञेत मात्र उतारावरच्या गावाची वाट, तिच्या कडेची घरे, दगडी पाखाडी, सारेच निसर्गाच्या खाती जमा होते.

विसाव्या शतकाच्या आरंभीची चित्रे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. आबालाल रहिमान कोल्हापुरात कोटितीर्थाच्या काठी पाणी, झाडे आणि उन्हाच्या छटा रंगवीत राहिले. जन्माने कोल्हापूरचेच, आणि त्यांच्याप्रमाणे जे. जे. मध्ये शिकलेले म. वि. धुरंधर १९१२ च्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकासाठी मुंबईतली माणसे रेखाटत होते. विभागणी ढोबळ आहे, तरी सूचक आहे. माणसांनी घडवलेली, चढउताराची गावातली वाट दोहोंच्या मधे राहून जाते. रशियन अमलाखालच्या फिनलंडमधील चित्रकार तर १८९० च्या दशकात कारेलियातील खेड्यांत आपले राष्ट्र शोधत गेले होते. त्या शोधात आदर्शीकरण पुष्कळ होते. पण खेडे हा तेथे इतिहासाचा विषय होता.

कर्जत तालुक्यातल्या कळंबच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे, पश्चिमेला माथेरानचा डोंगर. येथल्या शाळकरी मुलाने डोंगराआडून उगवणारा सूर्य काढला, तर तो संकेत असूनही खरा असतो. प्रश्न आहे तो त्याच चित्रात झोपडीकडे जाणाऱ्या नागमोडी वाटेचा. या भागात डोंगराच्या अंगाला वस्ती आहे ती ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्यांची. कातकऱ्यांचे नावच कात करण्याच्या धंद्यावरून पडलेले. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगले राखीव होत गेली आणि त्या धंद्याचा आधारच खचला. वाडीची वाट म्हणजे चैत्र-वैशाखात हंडा घेऊन चढायची वाट, आजाऱ्याला झोळीतून खाली उतरवायची वाट. चित्रात ती रिकामी असते. यथादर्शनाच्या शिकवणीनुसार वाटेचे काम एकच : पाहणाऱ्याची नजर आत नेणे. तिच्यावरून कोण चालते, हा प्रश्न रचनेच्या कक्षेबाहेरचा ठरतो. आणि ‘निसर्गचित्र’ म्हटल्यावर तो समीक्षकालाही पडत नाही.

मराठीत ‘भूदृश्य’ ही संज्ञाही अधूनमधून योजली जाते. ती कानाला काहीशी रुक्ष वाटते खरी. पण तिच्यात भूमी आहे, आणि ती कोणाची, हे विचारायला जागा आहे.