अण्णांची टाच

मंडळी, कोल्हापुरात स्टेडियमवर दोन प्रकारची माणसं येतात. एक फुटबॉल बघायला येणारी आणि दुसरी आपल्या तालमीची मॅच बघायला येणारी. आमच्या गल्लीतले अण्णा दुसऱ्यातले. तालमीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर मूळ मुद्दा राहील बाजूला आणि खाली कमेंटमध्ये पेठापेठांत जुंपेल.

या दिवाळीत अण्णांना जाऊन वर्ष होईल. त्वचेच्या कॅन्सरनं गेले. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "आपल्याकडं असतंय व्हय ते? ते गोऱ्या लोकांना होतंय न्हवं?" हा प्रश्न मी वर्षभर इतक्या वेळा ऐकलाय, की शेवटी लिहायला बसलो.

आधी माणूस सांगतो. अण्णा उद्यमनगरात लेथवर कामाला. मॅचच्या दिवशी दुपारनंतर मशीन बंद. मालकालाही माहीत, त्यामुळं पगार कापायचा पण बोलायचा नाही. चाळीस वर्षांच्या मॅचेस त्यांनी वहीत लिहून ठेवल्यात. तारीख, समोरची टीम, स्कोअर, गोल कुणी मारला आणि शेवटी रेफ्रीबद्दल एक शेरा. ते शेरे इथं देण्यासारखे नाहीत. वर्ल्डकपला घरावर ब्राझीलचा झेंडा. २०२२ ला अर्जेंटिना जिंकली, तेव्हा समोरच्या घरातली पोरं चिडवतील म्हणून हा माणूस चार दिवस मागच्या बोळातून कामाला जात होता. टीम हरली की घरी जेवण नाही, आणि कप आला की अनवाणी चालत जोतिबाचा डोंगर.

त्याच पायाच्या टाचेवर एक काळा डाग आला. तुरीच्या डाळीएवढा. दुखत नव्हता. मी एकदा विचारलं, "अण्णा, लंगडताय काय?" म्हणाले, "काय न्हाय रे, कुरूप हाय. चाळीस वर्सं मशीनपुढं उभारून व्हायचंच की." मेडिकलमधून कुरुपाची पट्टी आणून लावली. मग ब्लेडनं तासलं. मग लेथचा बुरा घुसला असेल म्हणून सुईनं टोकरलं. डाग पसरला, कडा वाकड्यातिकड्या झाल्या, मधनं रक्त यायला लागलं. एका दवाखान्यात दाखवलं, तिथं शुगर तपासून मलम दिलं. शुगर नॉर्मल आली, म्हणून सगळे निर्धास्त झाले. पण जखम काही भरली नाही.

असं दीड वर्ष गेलं. जांघेत गाठ आली तेव्हा एका त्वचारोगतज्ज्ञांकडं नेलं. त्यांनी टाच बघितली, गाठ चाचपली आणि बायोप्सी करायला सांगितली. यावर घरात आणखी दोन महिने गेले, कारण पाहुण्यांतल्या कुणीतरी सांगितलं की सुई लावली की कॅन्सर पसरतो. हे साफ खोटं आहे. कॅन्सर बायोप्सीनं पसरत नाही, वाट बघत बसल्यानं पसरतो. रिपोर्ट आला, मेलॅनोमा.

डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितलेलं आणि नंतर मी वाचलेलं थोडक्यात देतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर म्हणजे मेलॅनोमा. गोऱ्या लोकांत तो बराचसा उन्हामुळं होतो, पाठीवर, हातापायांवर, चेहऱ्यावर दिसतो. आपल्या सावळ्या कातडीला त्यापासून थोडं संरक्षण असतं, म्हणून आपल्याकडं हा आजार कमी. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. याला ॲक्रल मेलॅनोमा म्हणतात. उन्हाशी त्याचा फारसा संबंध नाही. सुरुवातीला दुखत नाही, आणि तळपाय वाकून बघतो कोण? लवकर सापडला तर ऑपरेशननं माणूस बरा होऊ शकतो. गाठींतून फुप्फुसात, लिव्हरमध्ये, मेंदूत गेला की अवघड.

फुटबॉलवाल्यांना एक उदाहरण देतो. जमैकाचा गायक बॉब मार्ले तुम्ही निदान टी-शर्टवर तरी बघितला असेल. हा माणूस पक्का फुटबॉलवेडा, दौऱ्यावरही बॉल बरोबर. १९८० ला ब्राझीलला गेला तेव्हा १९७० च्या वर्ल्डकप विजेत्या टीममधल्या पाऊलो सेझारबरोबर खेळून आला. त्याच्या आधीच, १९७७ मध्ये, पायाच्या अंगठ्याची जखम भरेना म्हणून तपासलं तर नखाखाली मेलॅनोमा निघाला होता. अंगठा काढायचा सल्ला त्यानं मानला नाही, नखाखालचा भाग कापून त्वचा लावली. सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कला धावताना कोसळला. ११ मे १९८१ ला गेला, वय ३६.

अण्णांना ही गोष्ट त्यांच्या पोरानं सांगितली, तर म्हणाले, "ब्राझीलवाल्याबरोबर खेळला न्हवं? मग सुटला." विनोद करायची ताकद शेवटपर्यंत होती. टाचेचं ऑपरेशन झालं, गाठी काढल्या, पण तोवर फुप्फुसात गेलं होतं. नव्या इंजेक्शनांचा खर्च ऐकून पोरगा घर विकायला निघाला. अण्णांनी विकू दिलं नाही. शेवटचे दोन महिने वही उशाशी. जुन्या मॅचेस वाचून दाखवायला लावायचे. हरलेल्यासुद्धा.

पंचगंगेवर दोन्ही पेठांची पोरं आली होती. ज्यांना त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या, त्या टीमच्या गोलकीपरनं खांदा दिला. सीझनच्या पहिल्या मॅचला आमची टीम मध्यभागी मिनिटभर गप्प उभारली. अण्णांना आवडलं नसतं. स्टेडियमवर गप्प बसणाऱ्याला ते हाकलायचे.

आता मुद्दा. आपल्या तालमी वर्षभर रक्तदान शिबिरं घेतात, डोळे तपासतात, शुगर-बीपी बघतात. त्याच शिबिरात एक खुर्ची त्वचारोगतज्ज्ञांसाठी ठेवा. माणसानं चप्पल काढायची आणि दोन्ही तळवे दाखवायचे, दोन मिनिटांचं काम. जयंतीच्या डॉल्बीतला एक तास कमी केला तरी खर्च निघतो. तालमींच्या कार्यकर्त्यांना मी हे समक्ष सांगतोय, इथंही लिहितोय.

आणि घरी काय बघायचं? तळपायावर, टाचेवर, बोटांच्या बेचक्यात नवा काळा-तपकिरी डाग, जो वाढतोय किंवा ज्याचा रंग सगळीकडं सारखा नाही. नखात एकच काळी रेघ, जी रुंद होतेय किंवा शेजारच्या कातडीवर उतरतेय. महिनाभरात न भरणारी जखम. सगळं काळं म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेक वेळा ते साधंच निघतं. ठेच लागून नखाखाली साकळलेलं रक्त नखाबरोबर हळूहळू पुढं सरकत जातं. जे पुढं सरकत नाही, ते दाखवा. कुरूप समजून ब्लेड लावू नका.

आईवडिलांना वाकून बघता येत नाही. त्यांचे तळवे तुम्ही बघा, आज रात्रीच. आणि पोस्ट आवडली तर माझ्या नावाशिवाय पुढं पाठवा, दोन्ही पेठांत.