वाढलेल्या बांगड्या

आमच्या घरात बांगडी कधी फुटली नाही. ती नेहमी 'वाढली'. अब्बा मणियार. मोहाडी तालुक्यातलं आमचं आंधळगाव कोशाच्या कापडाचं, हातमागांच्या खटखटीचं गाव. पण कोशाचं लुगडं नेसणाऱ्या बाईला चुडा भरायला आमच्याच ओसरीवर यावं लागे. गिऱ्हाइकासमोर 'फुटली' म्हणणं अशुभ, म्हणून अब्बांनी तो शब्दच टाकून दिला होता. घरातली बोली उर्दूमिश्रित हिंदी, पण हा एक शब्द मराठीच राहिला. बाजार करून आल्यावर ते पेटी उघडत, अम्मी दिवा जवळ आणी, आणि हिशेब सुरू होई. "आज ग्यारह वाढल्या."

मोटारसायकलचे शॉकअप म्हणजे काय, हे मी या आकड्यांवरून शिकलो.

आधी सायकल होती, मग लूना आली. कायनेटिकने लूना 1972 साली काढली. आमच्या दारात ती बऱ्याच वर्षांनी आणि तिसऱ्या हाताने आली. तिचा वेगच इतका बेताचा की बांगड्यांना फारसा धोका नव्हता. पुढे मी शाळेवर लागलो आणि 2004 साली जुनी शंभर सीसीची गाडी घेतली. सुट्टीच्या दिवशी मी चालवायचो, अब्बा मागे, दोन्ही बाजूंना पेट्या. मोहाडी, तुमसर, मधली खेडी. पावसाळा संपला की रस्त्याची जी चाळण होते ती सांगायला नको. त्यात धानाचे ट्रॅक्टर शेतातला चिखल डांबरावर आणून टाकतात आणि तो वाळून दगड होतो.

पहिल्याच महिन्यात वाढलेल्यांचा आकडा वीसवर गेला. ओझ्याने गाडीची मागची बाजू इतकी बसायची की खड्ड्यात शॉकअपचा तळ लागून 'खट्' असा आवाज यायचा. रात्री दिव्याचा झोत रस्ता सोडून बाभळीच्या शेंड्यावर पडायचा. मागे बसकण आली की पुढचं चाक हलकं होतं, वळणावर हँडल उशिरा ऐकतं. हे मला तेव्हा जाणवायचं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. मागच्या शॉकअपवर एक खाचांची कडी असते, ती हुकाच्या पान्याने फिरवतात. कुणीतरी ती वरच्या खाचेवर नेऊन दिली. लोक याला 'कडक करणं' म्हणतात. खरं तर स्प्रिंग तीच असते. ती फक्त आधीपासून थोडी दाबून ठेवली जाते, म्हणजे ओझ्याखाली गाडी बसत नाही. आकडा आठ-दहावर आला. एकटा असलो की तीच गाडी खडीवर टणाटण उडायची. तेव्हा कडी खाली आणायला हवी होती. कंटाळा, दुसरं काय!

दोन वर्षांनी एक गंमत झाली. गंमत मी तेव्हा म्हणत होतो. गाडी आपोआप मऊ झाली. खड्ड्यातून गेली की झोपाळ्यासारखी दोन-तीनदा झुलायची. शाळेतले मित्र म्हणत, "काय गादी आहे सर!" मी खूश. पुढच्या पाइपांवर तेलाचा ओशट थर आणि त्यावर धूळ दिसायची. मी फडक्याने पुसून टाकायचो. आकडा मात्र पुन्हा वाढत होता. अब्बा एकदाच म्हणाले, "बेटा, पीछे कुछ ठीक नहीं लगता." मला पुढे सगळं ठीक लागत होतं. चालवणारा दोन चाकांच्या मध्ये बसतो, मागचा जवळजवळ मागच्या चाकावर. शिवाय खड्डा आधी मला दिसतो. मी अंग उचलून घेतो, त्यांना तेवढीही सवड नसते.

2007 चं नवरात्र तोंडावर होतं. मोहाडीच्या चौंडेश्वरीच्या जत्रेत अब्बांचं वर्षाचं निम्मं गणित बसायचं. माल भरून संध्याकाळी येत होतो. वळणावर बैल आडवा आला. ब्रेक दाबला तसा पुढचा भाग एकदम खाली गेला, नेमका तिथेच खड्डा, आणि त्यातून निघालेली गाडी झुलतच राहिली. पुढचं चाक रस्त्यावर धड टेकलंच नाही. आम्ही सरळ धानाच्या बांधीत. मला खरचटलं. अब्बा उजव्या हातावर पडले, मनगट मोडलं.

बांगडी भरणाऱ्याचं मनगट. अंगठ्याने बाईच्या हाताचं हाड आत दाबायचं, त्याच झोक्यात दोन-चारच्या मापाची बांगडी दोन-सहाच्या हातावर चढवायची. सगळं कसब त्या वळण्यात. प्लास्टर निघालं, पण ते वळणं परत आलं नाही. त्या वर्षी जत्रेत आमची पाल लागली नाही. पेटीतल्या किती वाढल्या, ते त्यांनी मोजलं नाही.

गाडी तुमसरच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने पुढचे दोन्ही पाइप खोलले. एकातून चमचाभर काळं पाणी निघालं, दुसरा कोरडा. पाइपाला गंजाचे खडे पडले होते, त्यांनी सीलची कड कापली होती. तो म्हणाला, "सर, स्प्रिंग तं नुसती उडवते. तिले आवरते कोन? तेल. बारीक भोकातून तेल जबरीनं जाते, तिथं धक्क्याचा जोर गरम होऊन मरते. तुमच्या गाडीत मराले जागाच नोती." मग त्याने हँडल धरून गाडी दाबून सोडली. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, झुलत राहिली तर तेल गेलं समजायचं. नवे पाइप, नवी सीलं, दोन्हीकडे मापून सारखं तेल घातलं; मागचे शॉकअपही बदलले.

पहिल्या दिवशी गाडी मला कडक वाटली, चक्क पैसे वाया गेल्यासारखं. मग माल आणायला गेलो. त्याच रस्त्याने, तेवढ्याच पेट्या. दोन वाढल्या होत्या. मऊ गाडीत बांगड्या एका धक्क्याने नव्हत्या फुटत. धक्क्यानंतरच्या झुलण्यात एकमेकींवर आपटून फुटत होत्या. अब्बांना मागे हेच जाणवत होतं.

मागे एकच शॉकअप असलेल्या गाड्याही असतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला शॉकअप कारखान्यात बनतात, हे मी मुलांना वर्गात सांगतो. माझ्याकडे आता दुसरी गाडी आहे. मागे कुणी बसणार असलं की आधी कडी पाहतो, हँडल दाबून सोडतो. अब्बा ओसरीवरून पाहत असतात. दुकान आता अम्मी आणि माझी बहीण चालवतात. अब्बा मापं सांगतात, डाव्या हाताने डझन बांधून देतात. परवा त्यांना डोळे तपासायला भंडाऱ्याला नेलं. परतल्यावर उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, उजवा, आणि म्हणाले, "आज एक भी नहीं वाढली."