सासू, सून आणि झोका

युरोपातली प्रत्येक चित्रशैली म्हणजे सासूला नावं ठेवत घरात शिरलेली सून, असं माझं मत आहे. मॅनरिझमचा तोरा बघा. पार्मिजानिनोनं १५३४ साली मॅडोना रंगवायला घेतली आणि तिची मान अशी लांबवली, की मांडीवरच्या बाळाऐवजी मानेचीच काळजी वाटावी! मग आली बरोक. कॅराव्हाज्जोनं मॅडोनापुढे गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळके तळपाय थेट आपल्या तोंडासमोर आणले. रोकोको नटवी. १७६७ च्या सुमारास फ्रागोनारनं झोक्यावरची बाई काढली. तिची सपात हवेत उडालेली आणि झुडपातला गृहस्थ खालून नको तिथं बघतोय. नवअभिजातवाद आला तो छडी घेऊनच. दावीदच्या १७८४ च्या चित्रात तिघे भाऊ तलवारींपुढे हात ताठ करून शपथ घेतात. झोका बांधायला झाडच नाही!

पुढं राज्यक्रांतीत फ्रागोनारची गिऱ्हाइकं परागंदा झाली; काहींची तर डोकीच गेली. साठी उलटलेल्या फ्रागोनारला लूव्रच्या नव्या संग्रहालयात काम मिळालं. शब्द कुणी टाकला? राजाच्या मृत्युदंडाला मत देणाऱ्या दावीदनं!

पुस्तकातल्या सुना घरात एवढ्या वाईट नसतात हो.