मैया ओलांडली

परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. कुपीत तिचं पाणी, ती कायम उजव्या हाताला, आणि पायांना तेवढा एकच धाक. समुद्रापाशी नावेनं वळसा घेऊन आम्ही उत्तर तटाला लागलो. पुढे केवडियाच्या अंगाला वाटेत सरदार सरोवराचा मुख्य कालवा आडवा आला.

मुखाशी 73 मीटर रुंद तळ, सिमेंटचे उतरते काठ. पाणी नर्मदेचंच. पुलाच्या तोंडाशी माणदेशातल्या आजी थबकल्या. "ही मैयाच न्हवं का रं? मग वलांडायची कशी?"

कुणापाशीच उत्तर नव्हतं. न ओलांडता जायचं म्हणजे 532 किलोमीटर चालून, राजस्थानच्या वाळवंटात कालवा संपतो तिथून फिरून यायचं. आजींनी कठड्याला हात लावला, कपाळाला लावला आणि निघाल्या. खालून आवाज येत नव्हता. नर्मदेचं दुसरं नाव रेवा, म्हणजे उड्या घेत जाणारी. इथं तिला खडकच नाही.

पलीकडे पोचल्यावर आजी म्हणाल्या, "ज्येंच्या दारात जातंय, त्येंना पोटभर मिळू दे." टँकरमागं घागर घेऊन धावण्यात त्यांचा जन्म गेलाय. त्यांच्या बोलण्यापुढे मला काही म्हणायचं नाही. 2008 साली हे पाणी राजस्थानात पोचलं. कच्छ-सौराष्ट्राच्या गावांतही गेलं. तहानेल्याच्या दारी आलेल्या पाण्याला मी कधीच वाईट म्हणणार नाही.

माझा जीव तुटतो तो काठासाठी. दक्षिण तटावर, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा-धडगावची 33 गावं या धरणाच्या वाट्याला आली. त्यातलं पहिलं मणिबेली. तिथलं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही पाण्यात गेलं. नर्मदा लवादानं 1979 साली 28 दशलक्ष एकर-फूट पाणी वाटलं, त्यातलं महाराष्ट्राला पाव दशलक्ष. भिल्ल-पावऱ्यांनी ना धरण मागितलं होतं, ना कालवा. पूर ओसरला की गाळपेरीत बी टाकायचं, डोहात मासा धरायचा, एवढंच त्यांचं नदीशी देणंघेणं. मोबदल्याच्या कागदात त्या डोहाला रकानाच नव्हता.

महिनाभरापूर्वी त्याच तटावरच्या डोंगरांतून येताना एक म्हातारबा भेटले होते. 1961 साली पंडित नेहरूंच्या हातून धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा ते गुरं राखणारं पोर असतील. खाली दूरवर जलाशय पसरलेला, कुठंच काही खूण नाही. त्यांनी बोट केलं. "तिथं घर." मग बोट जरासं डावीकडे. "तिथं आंबा." थोड्या वेळानं पुन्हा सांगितलं, तेव्हाही बोट नेमकं त्याच दोन जागी गेलं.

"हे पाणी कुठवर जातं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "पार राजस्थानात, वाळवंटात."

ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.

"तिथं आंबा येतो का?"