रंगाआधीचा हात

श्रावण लागला की रोह्यात घरोघरी मखराची बोलणी सुरू होतात. पूर्वी थर्माकोल आणला, कातरला, टिकल्या चिकटवल्या की काम झालं. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारनं प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली आणि माळ्यावर पडलेल्या फ्रिजच्या खोक्याला एकदम भाव आला. जोडीला रद्दी, जुन्या साड्यांचे काठ, करवंट्या. सामान फुकटचं आणि हौस दांडगी. तरी गौरी जेवेपर्यंत बऱ्याच मखरांचे खांब कमरेत वाकलेले असतात.

यात रंगाचा काही दोष नसतो. घाई नडते ती रंगाच्या आधी.

रंगाआधीचं काम पाहायचं तर पेणला जावं. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत, किंवा शेजारच्या हमरापूर-जोह्यात, रंगाची पाळी फार उशिरा येते. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे बुजवायचे, मूर्ती वाळवायची, पॉलिश पेपरनं घासायची, मग पांढरा हात. त्यावर अंगाचा रंग, सोवळं, शेला, दागिन्यांचं सोनेरी काम. डोळ्यांची आखणी अगदी मागाहून, आणि ती मुरलेल्या कारागिराकडे. पेणहून कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्तीही बाहेरगावी जातात. घासणी चोख असेल तरच तिथल्या रंगाऱ्याचा ब्रश सरळ चालतो.

कोकणाच्या दुसऱ्या टोकाला, सावंतवाडीच्या गंजिफेच्या, म्हणजे हातानं रंगवलेल्या पत्त्यांच्या कामातही हेच दिसतं. चिंचोक्याच्या खळीनं पान ताठ करायचं, वर खडूचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचं. दशावतारी गंजिफेच्या १२० पानांवर अवतार उमटतात ते त्यानंतर, आणि शेवटी लाखेचा हात.

घरच्या पुठ्ठ्याला एवढा थाट नको, पण त्याची रीत समजून घ्यायला हवी. खोक्याचा पुठ्ठा आतून बारीक नळ्यांचा असतो. नळ्या उभ्या ठेवून खांब कापला तर तो भार पेलतो. आडव्या राहिल्या तर महिरपीच्या ओझ्यानं बसतो. त्यावर मैद्याच्या खळीनं रद्दीच्या पट्ट्या लावायच्या. खळ वाळताना कागद आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतो. म्हणून मागच्या बाजूलाही तेवढ्याच पट्ट्या हव्यात. इथेच बहुतेक जण कंटाळतात, कारण मागची बाजू कुणाला दिसणार? त्यात रोह्याच्या कुंडलिका नदीकाठचा पाऊस; संध्याकाळी कडक वाळलेला पुठ्ठा सकाळी हाताला दमट लागतो. मग खडूची भुकटी पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवून दोन पातळ हात, मध्ये काचकागद. एकच जाड हात दिला तर तो वाळताना तडकतो. एवढं झालं की रंग कमी लागतो आणि साधा पिवळाही खुलून दिसतो. पोस्टर कलर ओल्या बोटाला लागतो, त्यापेक्षा अॅक्रिलिक बरा.

जुनं घर उतरवलं की निघणाऱ्या मंगलोरी कौलांची गोष्ट मात्र उलटी. कौल मुळात गेरूच्या रंगाचं, त्यामुळे पांढरी रेघ त्यावर उपजतच शोभते. अस्तर देऊन ते झाकणं म्हणजे त्याचा अपमानच. हल्ली अशा प्रत्येक कौलावर वारली चित्रांतला तारपा नाच असतो. वारली चित्रकला डहाणू-तलासरीकडची, तांदळाच्या पिठानं भिंतीवर काढायची. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती जरूर काढावी, पण रोह्याच्या कौलावर कुंडलिकेतली होडी किंवा पावसाळी भाजीची टोपली का येऊ नये?

कौलाला घासणी मात्र चुकत नाही. वर्षानुवर्षांचं शेवाळ तारेच्या ब्रशनं काढावं लागतं, नंतर चांगलं ऊन द्यावं लागतं. ओल आत राहिली तर रंग पापुद्र्यांनी सुटतो. कोरडं कौल रंगातलं पाणी झटकन पिऊन टाकतं आणि रेघ तुटते, म्हणून चित्राच्या जागी आधी फेव्हिकॉलचं पाणी फिरवावं. अंगणात लावायचं असेल तर वर वॉर्निश हवं, आणि तेही मागून-पुढून.